‘बुरी नीयत से’ म्हणजे नेमकं काय?

(इंदूर येथे मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मी पोलीस नाही, हे आधीच सांगते. समुपदेशक आहे. आरक्षक, प्रधान आरक्षक म्हणजे कॉन्स्टेबल, हेड कॉन्स्टेबल यांच्या प्रशिक्षणात पीडितांशी कसं बोलावं यावर तास घ्यायला जाते. पहिल्याच तासाला कुणीतरी विचारतं, “मैडम, मीठा बोलना सिखाओगी क्या?” नाही हो. गोड बोलणं इंदूरवाल्याला शिकवायला बाहेरचं माणूस कशाला, ते सकाळच्या पोह्यांबरोबर पोटात जातंच. मी शिकवते ते ऐकून घेणं आणि ऐकलं तेच लिहिणं. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे.

आपल्या थान्यातली (पोलीस ठाण्यातली) कागदाची भाषा तुम्हाला माहीत आहे: फरियादिया म्हणजे तक्रारदार बाई, विवेचना म्हणजे तपास, रोजनामचा म्हणजे ठाण्याची रोजची नोंदवही. समजा, रामबागेतली एक मुलगी सांगते, “तो मागून आला, ओढणी खेचली, मी हातातली पिशवी त्याच्या तोंडावर मारली.” कागदावर उतरतं, “आरोपी ने बुरी नीयत से हाथ पकड़ लिया.” हात कुणी धरला? पिशवी कुठे गेली? लिहून घेणाऱ्या मुंशीजींचा हेतू वाईट नसतो. हात वर्षानुवर्षं त्याच वळणाने चालतो. पण पुढे कोर्टात वकील विचारतो, “ओढणी की हात? नक्की काय ते सांगा.” मुलगी खरं बोलली होती, खोटी ठरते ती कागदामुळे.

म्हणून मी एक खेळ घेते. एकाला उभं करून सांगते, काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंतचं सगळं वेळेसकट सांग. तो सुरू झाला की मी दर वाक्याला टोकते. “कितने बजे? पक्का? वहाँ गए ही क्यों?” अर्ध्या तासाने तेच पुन्हा विचारते. चहा आधी की आंघोळ, इथेच गडबड होते. मग म्हणते, “तुम झूठ बोल रहे हो.” वर्ग हसतो, तो मात्र हसत नाही. साध्या मंगळवारची ही गत, तर ज्या रात्री जिवाची भीती होती त्या रात्रीचा क्रम कुणाला सरळ आठवेल? भेदरलेल्या माणसाला शर्टाचं बटण आठवतं, दिवस कोणता ते आठवत नाही. १९८०च्या दशकात फिशर आणि गाइसेलमन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी साक्षीदाराला विचारण्याची जी पद्धत बांधली, तिच्यातही न टोकता बोलू देण्याला मोठी जागा आहे.

कायदा या बाबतीत मागे नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२चा पॉक्सो कायदा म्हणतो, मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्या, आणि घेताना वर्दी नको. हद्द कुणाचीही असो, फिर्याद घ्यावी लागते. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे स्पष्टच आहे. इथवर यायला वेळ लागला. महाराष्ट्रातल्या देसाईगंजच्या ठाण्यात १९७२ साली मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप दोन पोलिसांवर होता, त्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये दोघांनाही सोडलं. त्यावर चार कायदेशिक्षकांनी खुलं पत्र लिहिलं. चौघांत वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर ही आपल्याकडची दोन नावं. बलात्काराच्या कायद्यातली १९८३ची दुरुस्ती त्या वादातून आली.

पीडित म्हटलं की आपण तरुण मुलगीच डोळ्यांसमोर आणतो. माझ्या ओळखीच्या एक आजी, निवृत्त शिक्षिका, ‘डिजिटल अरेस्ट’च्या, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून अटकेची भीती घालत पैसे उकळणाऱ्या फोनला फसल्या. एका थान्यात त्यांना पहिला प्रश्न आला, “इतनी पढ़ी-लिखी होकर भी?” आजी तशाच उठून घरी आल्या. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तातडीने फोन झाला असता तर पैसे अडवायला निदान वाव होता. त्या एका वाक्यात दोन दिवस गेले. मला म्हणाल्या, “अगं, पैशांचं नाही, त्या पोलिसाने मला मुलांसमोर मूर्ख ठरवलं.”

आपल्याच मध्यप्रदेशात १८० थान्यांवर ‘ऊर्जा’ महिला डेस्कचा, म्हणजे थान्यातल्या बायकांसाठीच्या मदत-कक्षाचा, मोठा अभ्यास झाला. २०२२मध्ये तो ‘सायन्स’ या संशोधन नियतकालिकात छापून आला. डेस्क असलेल्या थान्यांत बायकांवरील हिंसेची प्रकरणं जास्त नोंदली गेली, विशेषतः डेस्क महिला अधिकाऱ्यांकडे होतं तिथे. मला वाटतं, टेबलावरच्या पाटीपेक्षा टेबलामागे कोण बसलंय याला महत्त्व आहे. पण सगळंच बाई पोलिसावर ढकलून पुरुषांनी मोकळं व्हावं, हे मात्र मला पटत नाही.

एका तासाला एक जुने प्रधान आरक्षक माझ्यावर चिडले. “मैडम, इतना टाइम किसके पास है?” खरंच नसतो. बंदोबस्त, मिरवणुका, कोर्टाची पेशी, रात्रीची गस्त. मी वाद घातला नाही. त्या दिवशी जोडीदाराची बनावट फिर्याद लिहून घ्यायचा सराव होता. त्यांनी सवयीने दोन ओळी लिहिल्या, पेन थांबलं. मग ‘बुरी नीयत से’वर काट मारली आणि समोरच्याला हळूच विचारलं, “अच्छा, उसने किया क्या था?”