त्रेचाळिसाव्या मिनिटाचा पत्ता

मंडळी, निमंत्रणावर विषय छापलाय, 'व्हिडिओ पुढे-मागे का होत नाही : पाच प्रश्नांत निदान'. पाचही प्रश्न सांगणार आहे, पण आधी एक जुनी तक्रार. स्लायडर ओढला, चित्र गोठलं, की शेजारचा माणूस न बघताच सांगतो, "कन्व्हर्ट करून टाक." आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! कन्व्हर्ट करायचं म्हणजे प्रत्येक चित्र उलगडायचं आणि पुन्हा दाबून भरायचं. कॉम्प्युटरचा पंखा तासभर घरघरतो, चित्राचा दर्जा थोडा उतरतो, आणि दुखणं बऱ्याचदा असतं डब्यात, म्हणजे चित्र आणि आवाज ज्यात भरून ठेवतात त्या कंटेनरमध्ये. चित्रांना काही झालेलंच नसतं. हे मी फार ठणकावून सांगतोय. लक्षात ठेवा, शेवटी मलाच अडचणीत आणणार आहे.

आता किस्सा. एका ज्येष्ठ प्राध्यापकांची 36 व्याख्यानं मी रेकॉर्ड केली होती. तिवईवर कॅमेरा, समोर टेबल, टेबलामागे सर. सर हातवारेसुद्धा बेतानेच करायचे. एन्कोड करताना, म्हणजे चित्रं दाबून फाईलमध्ये भरताना, मला शहाणपण सुचलं. एक्स264 या एन्कोडरमध्ये दोन की-फ्रेममधलं, म्हणजे पूर्ण साठवलेल्या दोन चित्रांमधलं, कमाल अंतर मुळात 250 फ्रेम ठरलेलं असतं, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर दहा सेकंद. म्हटलं, हलतंय काय इथे? अंतर करून टाकलं 'इन्फिनिट'. फायली थोड्या लहान झाल्या. मी खूश.

आठवड्याने सरांचा फोन. "अहो, मी त्रेचाळिसाव्या मिनिटावर जातो आणि तुमचा व्हिडिओ मला एकतिसाव्यावर आणून सोडतो. तिथे कुणाची तरी पाठ दिसते." मी म्हटलं, प्लेयर बदला. प्लेयर बदलला. आता आवाज त्रेचाळिसाव्या मिनिटाचा यायचा, पण चित्र बराच वेळ गोठलेलं. मी म्हटलं, ड्रायव्हर अपडेट करा. मग म्हटलं, रॅम कमी पडत असेल. बिचाऱ्यांच्या भाच्याने नवीन रॅम आणून बसवली, मंडळी! आता सर खूप वेगाने एकतिसाव्या मिनिटावर पोचू लागले. (हशा)

घडत काय होतं? सगळी चित्रं पूर्ण साठवली तर फाईल अवाढव्य होईल, म्हणून एच.264 सारखा कोडेक, म्हणजे चित्रं दाबायची पद्धत, अधूनमधून एखादंच चित्र पूर्ण लिहितो. ती की-फ्रेम. बाकीच्यांत नुसता फरक. कचेरीतल्या तक्त्यात रकान्याखाली रकाना 'वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे' लिहीत जातात ना, तसं. मागच्या-पुढच्या दोन्ही चित्रांवर बेतलेल्या बी-फ्रेमचं तर 'वरीलप्रमाणे आणि खालीलप्रमाणे'! मग तुम्ही थेट तिसाव्या पानावर बोट ठेवलंत तर तिथे लिहिलेलं असतं, 'वरीलप्रमाणे, फक्त डावा हात दोन बोटं वर'. कशाच्या वर? मागे मागे जात पूर्ण नोंद गाठावी लागते. एक जातीचा प्लेयर तिथेच थांबतो आणि तिथूनच दाखवू लागतो. दुसरा तिथपासून सगळं उलगडत तुमच्या जागेपर्यंत येतो, तोवर चित्र गोठलेलं. आणि काही उतावळे मधूनच सुरू करतात, तेव्हा करडा पडदा आणि त्यावर हलणारे चौकोन दिसतात.

शेवटी एफएफप्रोब या फाईल तपासणाऱ्या प्रोग्रामने मोजलं. एक तास बारा मिनिटांच्या व्याख्यानात की-फ्रेम किती? नऊ! दृश्य एकदम बदललं की एन्कोडर स्वतःहून की-फ्रेम टाकतो, आणि एकतिसाव्या मिनिटाला एक गृहस्थ कॅमेऱ्यापुढून गेले होते. त्या दिवशी मी त्यांच्यावर काय चिडलो होतो! पण पुढच्या कितीतरी मिनिटांसाठी फाईलमधली एकमेव पूर्ण नोंद त्यांची पाठ होती. तुम्ही कुठेही जा, आधी पाठीचं दर्शन.

चिठ्ठी आलीये. सात मिनिटं. अरे बापरे! बरं, पाच प्रश्न, पळत पळत.

पहिला : हात न लावता फाईल सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट चालते का? चालत असेल तर आतला माल शाबूत आहे, शोध अनुक्रमणिकेत (फाईलमध्ये कुठलं चित्र कुठे आहे त्याच्या यादीत) आणि की-फ्रेममध्ये घ्यायचा. दर वेळी एकाच जागी अडखळत असेल तर माल खराब. एफएफएमपेग या व्हिडिओच्या प्रोग्रामला फक्त चुका दाखवायला सांगून आउटपुट 'नल'मध्ये, म्हणजे कुठेच न साठवता, सोडा, म्हणजे तो अख्खी फाईल उलगडून कुठे काय फाटलंय ते सांगतो.

दुसरा : दुसऱ्या प्लेयरमध्ये तसंच होतं का? हार्डवेअर डिकोडिंग, म्हणजे ग्राफिक्स चिपकडून चित्रं उलगडून घेणं, बंद करून पाहा. प्लेयर बदलायचं मी सरांना सांगितलं होतं, सल्ला चुकीचा नव्हता, रुग्ण चुकीचा होता.

तिसरा, आणि यावर खरं तर अर्धा तास हवा होता : डबा कोणता? एमपी4 ची अनुक्रमणिका 'मूव्ह' नावाच्या खणात असते आणि सहसा रेकॉर्डिंग संपल्यावरच लिहिली जाते. मध्येच बॅटरी गेली तर खण लिहिलाच जात नाही, फाईल कित्येक जीबींची आणि उघडतच नाही. त्यासाठी 'अनट्रंक' हा दुरुस्तीचा प्रोग्राम आहे, त्याच कॅमेऱ्याची त्याच सेटिंगची एक धड फाईल नमुन्याला द्या. खण शेवटी असेल तर वेबवर व्हिडिओ सुरू व्हायला उशीर लागू शकतो, 'फास्टस्टार्ट'ने तो पुढे आणता येतो. एमकेव्ही या डब्यात अनुक्रमणिकेला 'क्यूज' म्हणतात, नसतील तर फाईल एमकेव्हीमर्ज या प्रोग्राममधून एकदा फिरवून घ्या. टीएस हा प्रक्षेपणात वापरला जाणारा डबा, त्याला अनुक्रमणिकाच नसते, प्लेयर बऱ्याचदा बिटरेटवरून, म्हणजे सेकंदाला किती डेटा त्यावरून, अंदाजे उडी मारतो. शिवाय त्याचं घड्याळ 33 बिटांचं, सेकंदाला 90,000 टिकटिक, म्हणून साधारण साडेसव्वीस तासांनी ते शून्यावर येतं. सलग रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा. यातलं बरंचसं रीमक्सने सुटतं : एफएफएमपेग, कोडेक 'कॉपी', नवा डबा. काही सेकंदांचं काम, चित्राला धक्काही नाही.

चौथा : फक्त ब्राउझरमध्येच बिघडतं का? मग सर्व्हर फाईलचा मधला तुकडा देतो का पाहा. उत्तराचा कोड 206, म्हणजे 'हा घ्या तुकडा', यायला हवा. 200, म्हणजे 'ही घ्या पूर्ण फाईल', देऊन सगळी फाईल पहिल्यापासून पाठवत असेल तर स्लायडर ओढून काय होणार?

पाचवा : वेळेचे शिक्के, म्हणजे कुठलं चित्र केव्हा दाखवायचं याच्या नोंदी, नीट आहेत का? फोनच्या चित्रीकरणात फ्रेम-रेट वरखाली होतो, तो स्थिर धरणाऱ्या एडिटरमध्ये आवाज हळूहळू सुटत जातो. आणि 'कॉपी'ने कापलेल्या तुकड्याची सुरुवात गोठलेली असेल, तर काप दोन की-फ्रेमच्या मध्ये बसलाय.

हो हो, संपवतोच. पहिल्या रांगेतून खुणेने विचारतायत, त्या 36 फायलींचं काय झालं? रीमक्स करून पाहिलं. काही झालं नाही, कारण मुळात नसलेली की-फ्रेम डबा बदलून कुठून येणार? मूळ रेकॉर्डिंग मी पुसून टाकली होती, जागा वाचवायला. तेव्हा कन्व्हर्ट केल्या, मंडळी. छत्तीसच्या छत्तीस. दर 50 फ्रेमला एक की-फ्रेम. फायली आधीपेक्षा मोठ्या झाल्या.