पत्रकात आकडे आधी की माणूस?

नमस्कार मंडळी. कॉमेंटमध्ये संस्था चालवणाऱ्यांकडून फिरून फिरून एकच प्रश्न येतोय: "80जी आहे, क्यूआर कोड आहे, मग देणग्या का येत नाहीत?"

80जीचा, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणाऱ्या नोंदणीचा विषय आधी उरकून टाकते. नोंदणी हवी, पावती हवी, यात वाद नाही. पण नवी करप्रणाली निवडणाऱ्याला ही वजावट मिळतच नाही. जुनीत असेल तरी 2,000 रुपयांच्या वरची रोख देणगी वजावटीला चालत नाही. ज्याचं द्यायचं आधीच ठरलंय, तो मार्चमध्ये करसवलत बघून रक्कम वाढवेल. बाकी कुणी त्यासाठी देत नाही. ती ओळ देणगीच्या पत्रकाच्या तळाला टाका.

आता तुमचं ते पत्रक समोर घ्या आणि पहिली ओळ वाचा. "गेल्या 15 वर्षांत 42 गावांतील 3,600 विद्यार्थ्यांना..." असंच काहीतरी आहे ना? इथेच वाचणारा निसटतो.

2007 मध्ये डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेन्स्टाइन आणि पॉल स्लोविक या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना आधी 5 डॉलर दिले, मग मदतीचं आवाहन वाचायला दिलं. काहींना मालीमधल्या 7 वर्षांच्या रोकिया या मुलीबद्दल. त्यांनी सरासरी 2.38 डॉलर दिले. काहींना आफ्रिकेतल्या लाखो भुकेल्यांचे आकडे. त्यांनी 1.14. तिसऱ्या गटाला रोकियाही आणि आकडेही. आता तुम्ही म्हणाल, दोन्ही दिलं तर बेरीज होईल. मिळाले 1.43! मुलगी तीच, मजकूर तोच, आकडे शेजारी आले आणि जवळजवळ एक डॉलर गेला.

त्याच संशोधनात आणखी एक गंमत आहे. काही लोकांना आधी साधी गणितं सोडवायला लावली आणि मग रोकियाबद्दल वाचायला दिलं. त्यांनी कमी दिलं. म्हणजे भुकेल्यांचे आकडेच असावे लागतात असंही नाही, डोकं हिशेबाला लागलं की हात आखडतो.

म्हणून "गोष्ट टाकलीय की, खाली आकडेही टाकलेत" हे मला सांगू नका. खालीही नकोत! असं लिहा: "आठवीतली मुलगी. शाळा सहा किलोमीटरवर, एसटी एकच. सायकलला 5,500 रुपये लागतात." रक्कम एकच, तीही त्या मुलीशी जोडलेली. सोबत "यथाशक्ती द्या" लिहिलंत तर वाचणारा पुन्हा विचारात पडतो.

आकडे फेकून द्यायचे का? नाही हो. सीएसआरवाल्यांना (म्हणजे कंपन्यांचा सामाजिक निधी सांभाळणाऱ्यांना), मोठ्या ट्रस्टना लेखापरीक्षित हिशेब आणि लाभार्थींची संख्या लागतेच, कारण तिथे समिती बसून ठरवते. त्यांना अहवाल पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या काकूंना तोच अहवाल पाठवू नका.

"मग मुलांचे फोटो टाकू?" असंही बऱ्याच जणांनी विचारलंय. थांबा. बालगृहातल्या किंवा काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 74 ने मनाई आहे. नाव, पत्ता, शाळा, फोटो, काहीच नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नाव बदला आणि "नाव बदलले आहे" असं छापा. फोटो दप्तराचा, वहीचा घ्या. चेहरा धूसर करून मागे शाळेची पाटी वाचता येत असेल, तर ते झाकणं नव्हे.

आणि एक माणूस देणाऱ्याच्या बाजूलाही असतो. आपल्याकडे शाळेचे पंखे, देवळाच्या पायऱ्या, स्मशानातले बाक, सगळीकडे "यांच्या स्मरणार्थ" उगाच कोरलेलं नसतं. तुमच्या देणगी फॉर्मवर तो रकाना आहे का? नसेल तर घाला: कोणाच्या स्मरणार्थ, नातं काय, तारीख की तिथी. तिथी सांगितली तर तिथीच लिहा, कारण त्या तिथीची इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. पुढच्या वर्षी त्या दिवसाच्या पंधरा दिवस आधी फोन करा, आणि देणगी आईंच्या स्मरणार्थ असेल तर आईंचं नाव नीट उच्चारा. पावतीवर ते चुकीचं छापलं असेल, तर फोन करायच्या आधी नवी पावती पाठवा.