सिग्नलला मान टाकणारी गाडी

मंडळाच्या पत्रिकेत ‘वाहनाची निगा’ असं छापलंय, पण मी आज एकाच तक्रारीवर बोलणार आहे : गाडी आयडलिंगला, म्हणजे रेस न देता उभी असताना, बंद पडते. माझं म्हणणं एवढंच, की कुठलाही पार्ट बदलण्याआधी ती नेमकी कधी बंद पडते, हे विचारलं पाहिजे. हा प्रश्न गॅरेजांतून हद्दपार झालाय आणि त्याचा भुर्दंड आपण भरतोय.

आधी थोडं इंजिनाचं. पेट्रोल गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण ७०० ते ८५० फेरे घेतं. चार सिलिंडर असतील, तर ७५० फेऱ्यांवर सेकंदाला २५ स्फोट. इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटलची पाकळी जवळजवळ मिटलेली असते, हवा अगदी बेताची जाते. एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते. आता एखाद्या होजला, म्हणजे रबरी नळीला, चीर पडली आणि तिथून हवा शिरली, तर त्या बेताच्या हवेत तिचा वाटा मोठा होतो आणि मिश्रण बिघडतं. रेस दिलीत की पाकळी उघडते, चिक्कार हवा येते, चिरेतली हवा त्यात हरवून जाते. म्हणून गाडी बायपासला सुसाट पळते आणि आपल्या इंदूरच्या पलासियाच्या सिग्नलला मान टाकते.

माझ्या मावशीचं सांगतो. जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई, रामबागेतून रोज स्वतः गाडी काढते. गाडी सिग्नलला बंद पडायला लागली. एका मोठ्या गॅरेजात नेली. पहिलं निदान : “पेट्रोल में कचरा है, माताजी.” हसताय, म्हणजे तुमच्याही टाकीतून कुणीतरी कचरा काढलेला दिसतोय! कचरा काढला, गाडी पुन्हा बंद. मग प्लग बदलले. मग फ्युएल पंप. शेवटी म्हणाले, कॉम्प्युटर उडालाय, आणि त्याची जी किंमत सांगितली त्यात जुनी स्कूटर आली असती.

मावशीने मात्र केव्हाच ताडलं होतं. न्यूट्रलला हँडब्रेक ओढून, पाय काढून उभं राहिलं, की गाडी चालू राहते. ब्रेकवर पाय दाबून उभं राहिलं, की मरते. दर वेळी. हे सांगायला तिने तोंड उघडलं, तर “माताजी, आप बैठिए” म्हणून तिच्या हातात चहाचा कप दिला. मला त्याचा आजही राग येतो. अर्धं निदान ती बाई घरून करून आली होती.

पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरला इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमधून, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधून, व्हॅक्यूम मिळतं, जाड होजने. बूस्टरच्या आतला रबरी पडदा फाटला होता. पेडल दाबलं की हवा थेट इंजिनात. गाडी उभी करून पेडल दाबलं, तर पायाशी स्स्स् असा आवाज स्पष्ट येत होता. ती होज बंद केली आणि पेडल दाबून धरलं, तरी इंजिन स्थिर. बूस्टर बदलला, संपलं. आणि हे नुसतं बंद पडण्याचं प्रकरण नव्हतं. बूस्टर गेला की पेडल जड होतं, गाडी थांबवायला कितीतरी जास्त जोर लावावा लागतो. म्हणजे पंप बदलण्यात घालवलेले ते दिवस मावशी अर्धवट ब्रेकवर फिरत होती.

जाता जाता एक. कार्बोरेटरच्या काळात स्लोचा स्क्रू दोन आटे फिरवला की भागायचं. ती सवय अजून काही हातांत आहे. आजच्या गाडीत आयडलिंग कॉम्प्युटर सांभाळतो, तेव्हा थ्रॉटलच्या स्टॉप स्क्रूला कुणालाही हात लावू देऊ नका.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, तेव्हा जे खरं सांगायचं होतं ते भराभर सांगतो. गाडी थंड असतानाच मरते? कूलंटच्या तापमानाचा सेन्सर पाहा. तापल्यावर मरते आणि निवल्यावर मुकाट चालू होते? इंजिनाचे फेरे टिपणाऱ्या क्रँक सेन्सरवर संशय घ्या. एसी लावल्यावर, किंवा वेगातून पाय काढल्यावर मरते? थ्रॉटल बॉडीत कार्बन साठलाय का, थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व उघडा अडकलाय का, ते पाहा.

स्कॅनर लावला तर फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा, वाचायला सांगा. आयडलिंगला अधिक २० टक्के आणि २५०० फेऱ्यांवर शून्याजवळ आला, तर बहुधा हवेची गळती. रेस दिल्यावर वाढत गेला, तर पेट्रोलचा पुरवठा कमी पडतोय. पी०१७१ कोड, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी असल्याची खूण, दिसला की लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलायला निघतात. तो बिचारा बहुतेक वेळा खरंच सांगत असतो. इनटेकमधलं व्हॅक्यूम मोजणारा गेज असेल, तर पुस्तकातला पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांचा आकडा समुद्रसपाटीचा आहे. इंदूर साडेपाचशे मीटरवर, इथे जवळजवळ दोन इंच कमीच दिसणार. त्यावरून इंजिन खोलू देऊ नका.

शेवटचं. थ्रॉटल साफ केला किंवा बॅटरी काढली, की बऱ्याच गाड्या आयडलिंगचं शिकलेलं विसरतात आणि अडखळतात. ते पुन्हा शिकवण्याची रीत गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते, तेवढी आधी करून घ्या. बाकी प्रश्न खाली पार्किंगमध्ये विचारा, बॉनेट उघडूनच बोलू.