आवाज बारीक करू नका

(बेळगावातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

आज बोलायचं आहे ते आपण दार ओढून घेऊन ऐकतो त्या गाण्यांबद्दल. गाण्याचा नाद असलेल्या कुठल्याही घरात कपाटाचे दोन कप्पे असतात. पुढच्या कप्प्यात मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी. धारवाड आपल्याला जवळ, आणि सुळेभावी तर घरातलंच. १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले ते तिथं. त्यामुळं हा कप्पा आपल्याकडं भरलेला असतो आणि तो असावाच. मागच्या कप्प्यात मात्र दादा कोंडक्यांच्या चित्रपटांतली महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकरांची द्वंद्वगीतं, आनंद शिंद्यांच्या कॅसेट, ऐंशीच्या दशकातलं डिस्को, आणि चारचौघांत कुणी नाव काढलं तर आपण विषय बदलतो अशा लावण्या.

माझं म्हणणं असं, की मागच्या कप्प्यातल्या गाण्यांना चांगला संच कधी लाभलाच नाही. हौसेनं अ‍ॅम्प्लिफायर घेतला, चांगले स्पीकर आणले, की पहिल्या दिवशी लागतो राग मारवा. बाकीचं सगळं मोबाईलवर, नाहीतर स्वयंपाकघरातल्या जुन्या टू-इन-वनवर. म्हणजे आधी गाणं वाईट यंत्रावर ऐकायचं, आणि मग ते हलकं वाटतं म्हणून लाजायचं.

मांडवातला कर्णा घ्या. गणपती, लग्नं, गावची जत्रा, शिवजयंतीचे चित्ररथ. लोकप्रिय गाणी आपण इथंच पहिल्यांदा ऐकली, त्या पत्र्याच्या कर्ण्यावर. कर्णा बनवलेला असतो तो माणसाचं बोलणं लांबवर पोचवण्यासाठी. बोलण्याचा मधला पट्टा तो जोरात फेकतो. साधारण ३०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ३०० कंपनांच्या, खालचं त्यातून फारसं काही येत नाही, आणि वरची बारीक चमकही येत नाही. आता लावणीतली ढोलकी बघा. तिच्या उजव्या तोंडाला शाई असते, डाव्या तोंडाला आतून मसाला. उजव्या हाताची थाप कर्ण्यावर कडकडीत ऐकू येते. डाव्या हाताचा घुमारा, कातड्यावर दाब देत काढलेली ती खालून वर चढणारी मींड, तिचा मूळ स्वर ३०० च्या बराच खाली. तो कर्ण्यातून येतच नाही. म्हणजे आपल्या मांडवांत अर्धी ढोलकी कधी वाजलीच नाही! घुंगरांचं तसंच. त्यांची झळाळी काही हजार हर्ट्झच्या वर पसरलेली असते, ती गेली की उरतो नुसता खडखडाट. आणि मग आपणच म्हणतो, लावणी म्हणजे गोंगाट.

हीच लावणी दोन चांगल्या स्पीकरवर लावा. स्पीकर भिंतीपासून हात-दीड हात पुढं, ट्वीटर, म्हणजे बारीक आवाज काढणारा स्पीकरमधला छोटा भाग, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, आपण दोन्हींपासून सारख्या अंतरावर. सुलोचना चव्हाण गाताहेत असं समजा. ढोलकी आधी पोटात लागते, मग कानाला कळते. ओळीच्या शेवटी ढोलकीवाला हात राखून बाईंना श्वासाला जागा देतो आणि पुढच्या शब्दावर त्यांना बरोबर झेलतो, ते तेव्हा लक्षात येतं. बाईंचा ठसका म्हणतात तो कुठं असतो, हेही समजतं. व्यंजन त्या किंचित उशिरा आणि पूर्ण वजनानं टाकतात. शब्द एवढा स्वच्छ, की एकही अक्षर गिळलेलं सापडत नाही. हे ख्याल गाणाऱ्यांनीही बसून ऐकावं असं काम आहे, आणि मी हे पूर्ण जबाबदारीनं बोलतोय.

या ध्वनिमुद्रणांतली बरीचशी मोनो आहेत, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरला एकच आवाज. कुणी विचारतं, मग दोन स्पीकर कशाला? दोन्हींतून एकच आवाज सारख्या वजनानं आला की गायिका बरोबर मधे उभी राहते, जिथं स्पीकर नाही तिथं. संच नीट जुळला आहे का, हे तपासायची याहून सोपी परीक्षा मला माहीत नाही.

आता दार ओढून घेण्याबद्दल. लाजत ऐकणारा माणूस सगळ्यात आधी आवाज बारीक करतो, आणि इथं कानाचा स्वभाव आड येतो. १९३३ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी मोजून दाखवलं, की एकूण आवाज जसा कमी होत जातो तसा आपला कान खर्जाला, म्हणजे खालच्या जाड आवाजांना, जास्त बहिरा होतो. मधला पट्टा ऐकू येत राहतो, खालचा आधी जातो. म्हणून तर जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’चं बटण असायचं, हळू ऐकताना खर्ज थोडा उचलून देण्यासाठी. ख्यालाचं हळू ऐकून फार बिघडत नाही, कारण त्याचा जीव गळ्यात आहे. नाचाच्या गाण्याचा जीव खाली असतो, ढोलकीत, बास गिटारमध्ये, ड्रममध्ये. जे गाणं आपण सगळ्यात हळू लावतो, त्यालाच आवाजाची सगळ्यात जास्त गरज असते. १९८० च्या ‘कुर्बानी’त नाझिया हसननं गायलेलं गाणं आठवा. मूळचे बेंगळूरचे संगीतकार बिद्दू यांनी ते लंडनमध्ये केलं, गाणारी मुलगी जेमतेम पंधराची. त्यातला बास ट्रान्झिस्टरवर ऐकून त्या गाण्याबद्दल मत बनवणं हा त्या वाजवणाऱ्यावर अन्याय आहे.

ही लाज आली कुठून? थोडी तर चक्क सरकारी आहे. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, दार बंद केलं, ते उघडायला १९७१ उजाडावं लागलं. ज्या बेळगावात पं. रामभाऊ विजापुऱ्यांनी पेटीला आयुष्य दिलं, शिष्य घडवले, त्या बेळगावानं हे विसरू नये. मग १९५२ साली माहिती आणि नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या काळात चित्रपटगीतं आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. लोक रेडिओ सिलोनकडं वळले, अमीन सयानींच्या बिनाका गीतमालेकडं. शेवटी १९५७ मध्ये सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांना रागसंगीत घराघरांत न्यायचं होतं, आणि त्या तळमळीबद्दल मला आदर आहे. शास्त्रीय कलावंतांना आकाशवाणीनं त्या काळात मोठा आधार दिला. पण चांगलं ऐकायचं वेगळं आणि आवडीचं ऐकायचं वेगळं, ही फूट तेव्हा घराघरांत पक्की झाली, आणि ती अजून भरून निघालेली नाही.

हलक्या म्हटलेल्या गाण्यांत किती मेहनत आहे हे चांगला संच लपवू देत नाही. मुंबईच्या स्टुडिओंत पूर्वी सगळा वाद्यवृंद एकाच वेळी वाजायचा. गायक, व्हायोलिनं, तालवाद्यं, सगळं एका दमात. एकाची चूक झाली की सगळ्यांनी पहिल्यापासून. ती व्हायोलिनं मांडणारे, कुणी कुठं काय वाजवायचं ते कागदावर उतरवणारे अरेंजर बहुतेक गोव्याचे. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस. चोर्ला घाट उतरलं की यांचा मुलूख. रेकॉर्डच्या वेष्टनावर यांची नावं बहुतेकदा नसायची. गाणं नीट ऐकणं हीच त्यांची दखल घेण्याची एक रीत उरते.

आनंद शिंद्यांच्या कॅसेटबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. त्यांचे वडील प्रल्हाद शिंदे. भीमगीतं, विठ्ठलाची भक्तिगीतं, कव्वाली, सगळं एका गळ्यातून. तार सप्तकात जाऊनही तो आवाज पातळ होत नाही, हे शांत खोलीत ऐकल्यावर थक्क व्हायला होतं. तो आवाज आपल्या गावांत कुठल्या गल्लीत मोठ्यानं लागायचा आणि कुठल्या गल्लीत खिडक्या बंद व्हायच्या, हे इथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तिथं लाज सुराची नव्हती. ते गाणं कुणाचं आहे, कुणाच्या वस्तीत वाजतं, याची होती. त्यात जात होती. म्हणून ही कॅसेट बैठकीच्या खोलीत, मोठ्या स्पीकरवर, पाहुण्यांच्या देखत लावणं मला महत्त्वाचं वाटतं. रुचीची बाब म्हणून ते सोडून देता येत नाही.

आणि आता खास आपल्या सीमाभागाचा कप्पा, मागच्याच्याही मागचा. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. दरवर्षी त्या तारखेला इथं एकीकडं राज्योत्सव असतो, दुसरीकडं काळा दिन. भाषेच्या हक्कासाठी लाठ्या खाल्लेल्या घरांतली माणसं समोर बसली आहेत, त्यांच्यापुढं मी नम्र आहे. पण त्याच घरांत कानडी चित्रपटांतले नट राजकुमार यांची गाणी ओळ न ओळ पाठ आहेत. बसमध्ये, बाजारात, शाळेच्या वाटेवर कानावर पडलेली, आणि मराठी पाहुण्यांसमोर कधी न लावलेली. यात लपवण्यासारखं काय आहे? हक्काची मागणी मागणीच्या जागी, आणि राजन-नागेंद्र या कानडी संगीतकार जोडीची चाल चालीच्या जागी.

राजकुमार गुब्बी वीरण्णांच्या नाटक कंपनीत तयार झालेले. बरीच वर्षं पडद्यावर त्यांच्यासाठी पी. बी. श्रीनिवास गायले, तो मऊ, ठेवणीतला आवाज. १९७४ नंतर राजकुमार बहुतेक स्वतःच गाऊ लागले, आणि १९९२ च्या ‘जीवन चैत्र’साठी त्यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अभिनेत्याला गाण्याचा राष्ट्रीय पुरस्कार, ही साधी गोष्ट नव्हे. चांगल्या संचावर त्यांचा आवाज ऐकताना आपले नाट्यगायक आठवतात. शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची तीच सवय, छातीतून येणारा तोच दम. यात नवल नाही. अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली जन्मले ते आपल्याच जिल्ह्यात, गुर्लहोसूरला, आणि त्यांच्या संगीत नाटकांत कर्नाटकी चाली आल्या. आज पुढच्या कप्प्यात मानानं बसलेल्या नाट्यसंगीताच्या घडणीत कानडी चालींचा वाटा आहे. मग राजकुमारांनी कुठल्या कप्प्यात बसायचं ते आपणच ठरवा. शंकर नाग यांचा १९८१ चा कानडी चित्रपट ‘गीता’ही मिळाला तर ऐका. संगीत इळयराजांचं. गाण्याखालून चालणारी बास गिटारची स्वतंत्र चाल पकडत ऐका, मोबाईलवर ती सापडणार नाही.

थोडं खोलीबद्दल, कारण पैसे तिथं वाचतात. जांभ्याच्या भिंतींची, मंगळुरी कौलांची जुनी घरं गाणं ऐकायला फार चांगली. उतरतं छप्पर आवाजाला समोरासमोरच्या दोन सपाट भागांत अडकू देत नाही. स्लॅबच्या चौकोनी खोलीत तो अडकतो. खोली १२ फूट लांब असेल तर ४७ हर्ट्झच्या आसपास ती स्वतःच गुणगुणायला लागते, आणि सगळ्या गाण्यांचा खर्ज एकसारखा ढुमढुमतो. जमिनीवर सतरंजी, भिंतीला जाड वाकळ लावली तर टाळीसारखा तीक्ष्ण पडसाद जातो, पण हा ढुमढुमाट वाकळीनं जात नाही. त्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढायचे, आणि आपली खुर्ची मागच्या भिंतीपासून पुढं घ्यायची. एवढ्यानं जो फरक पडतो, तो नवा अ‍ॅम्प्लिफायर घेऊनही पडत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात रेकॉर्डना बुरशी धरते, म्हणून त्या उभ्या ठेवा आणि कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका.

शेजाऱ्यांचं काय, हा प्रश्न येणारच. रात्री उशिरा नको, हे उघड आहे. दुपारचा तासभर त्यांना सांगून ठरवून घ्या, आणि त्या तासात गाणं त्याच्या पुऱ्या उंचीनं वाजू द्या.

चहा झाला की आपण प्रत्यक्ष ऐकणार आहोत. आधी लावणी, ढोलकीच्या डाव्या हातावर लक्ष ठेवून. मग प्रल्हाद शिंदे, मग राजकुमार. कुणी घरून काही आणलं असेल तर इथं टेबलावर द्या, क्रमानं लावू.