झिजलेलं पिनहोल आणि त्याचा मूळ मध्य

एक्सकॅव्हेटरची (खोदाई यंत्राची) बकेट जमिनीवर टेकलेली आहे. ऑपरेटर आर्म उचलतो, आणि बकेट हलायच्या आधी सांध्यात ‘खट्’ वाजतं. पिन आणि होल यांच्यातला हा खेळ, म्हणजे ढिलेपणा. नवी पिन, नवा बुश (पिनभोवतीची धातूची नळी) टाकला की तो जाईल असं वाटतं. पण जुना बुश काढल्यावर दिसतं, तो ज्यात घट्ट बसायला हवा ते बॉसचं (सांध्यातल्या जाड कड्याचं) होलच लंबगोल झालंय.

ग्रीस पोचलं नाही की पिन बुशला धरते, आणि मग पिनबरोबर बुशही बॉसमध्ये फिरायला लागतो. बुशच्या बाहेरच्या अंगाला ग्रीस मिळतच नाही. त्यात माती शिरली की धातू झपाट्याने जातो, आणि जातो तो भार येणाऱ्या बाजूचाच. समजा, ८० मिलिमीटरचं होल भाराच्या दिशेने ८३ भरतंय, आडवं मात्र अजून ८०च आहे.

अवजड बूम (मशीनचा मोठा हात) वर्कशॉपला नेण्याऐवजी होल आतून कापणारं बोरिंग मशीनच साइटवर आणतात. आधी बूम आणि आर्मला भक्कम टेकू, हायड्रॉलिक प्रेशर मोकळं, बॅटरी सोडवलेली. अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डिंग होणार त्याच बॉसवर. लांब लावला तर करंट सिलिंडरमधून किंवा बेअरिंगमधून जाऊन ते जाळतो. ग्रीस पूर्ण पुसायचं: ते पेट घेतं, आणि वेल्डमध्ये छिद्रंही पाडतं.

आता सगळ्यात जोखमीचं काम, मूळ मध्य शोधणं. झिजलेल्या होलात शंकूच्या आकाराचा कोन अडकवून बोरिंग बार (कापणारं टूल धरणारा दांडा) बसवणं सोपं, पण बार मग झिजेचा मध्य पकडतो. आपल्या होलात तो दीड मिलिमीटर बाजूला जाईल. डावा आणि उजवा बॉस सारखे झिजत नाहीत, त्यामुळे पिन तिरकी बसते आणि नवा बुश एका कडेवरच भार घेतो. म्हणून माप घ्यायचं न झिजलेल्या जागांवरून: सीलची खाच, भार न येणारी बाजू, शेजारच्या पिनपर्यंतचं अंतर. या सेटिंगला अर्धा दिवस गेला तरी चालेल, घाई इथे नको.

बार दोन्ही बॉसमधून आरपार. बेअरिंगचे आधार टॅक करून (वेल्डचे छोटे ठिपके देऊन) पक्के केले की पहिला कट. होल गोल होईपर्यंत आणि चकचकीत धातू लागेपर्यंत कापायचं, नाहीतर वेल्ड धरणार नाही.

त्याच अक्षावर आता वेल्डिंगची टॉर्च फिरते आणि मिग वेल्डिंगच्या वायरचे वेढे एकाला एक चिकटून पडतात. जाड बॉस आधी तापवायला हवा. थंड धातूवर वेल्डला तडे जातात. वारा असेल तर आडोसा करायचा, कारण वेल्डला झाकणारा गॅस उडाला की वेल्ड सच्छिद्र होतं. ८० च्या होलासाठी भर घालून होल ७५ पर्यंत आणायचं, म्हणजे टूलला वेल्डच्या खडबडीत सालीखालून कापता येतं.

मग थांबायचं. बॉस ५० अंशांनी गरम असताना ८० चं माप काढलं, तर थंड झाल्यावर होल जवळजवळ ०.०५ मिलिमीटर लहान भरतं. बुशच्या प्रेस फिटची (दाबून घट्ट बसवण्याची) सगळी सूट साधारण तेवढीच असते! हाताला गार लागल्यावरच शेवटचे बारीक कट घ्यायचे, दोन्ही बॉस एकाच सेटिंगमध्ये. बोअर गेज (होलाचा व्यास मोजायचं साधन) तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना लावायचा.

बुश कोरड्या बर्फात गार केला की आकसतो आणि घणाशिवाय आत जातो. ग्रीसचं भोक निपलसमोर (ग्रीस भरायच्या तोंडासमोर) आलंय ना, ते आधीच जुळवायचं, नंतर तो फिरत नाही. बसलेल्या बुशचा आतला व्यास थोडा कमी होतो, म्हणून पिन घालण्याआधी पुन्हा मोजायचं. शिम (पातळ चकत्या) टाकून बाजूचा खेळ काढायचा, दोन्ही कडांतून ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारायचा, आणि पहिल्या पाळीनंतर पिनच्या लॉकचा बोल्ट पुन्हा कसायचा.