गुलामांची जोडी हातात, आता काय?

[कॅमेऱ्यासमोर. टेबलावर हिरवं कापड, पत्त्यांचा कॅट, चिप्स.]

नमस्कार मंडळी. मागे कूलरचा आवाज येऊन राहिला असेल तर सांभाळून घ्या. मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करून बोलायची आपली तयारी नाही.

आज टूर्नामेंट पोकर. एक गोष्ट आधीच सांगतो. पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर केंद्राच्या 2025 च्या कायद्याने बंदी आहे. आम्ही रविवारी धरमपेठेत एका मित्राच्या हॉलमध्ये जमतो ते प्लास्टिकच्या चिप्सवर, गुणांसाठी. हा व्हिडिओ तेवढ्यापुरताच.

तर विषय असा, की हात चांगला आहे, पण टिकेल याची खात्री नाही. एक्क्यांची जोडी कोणीही खेळेल. दुर्री-सत्ती कोणीही टाकेल. चिप्स जातात मधल्या हातांवर. गुलामांची जोडी, दश्शांची जोडी, फ्लॉपवर (टेबलावर उघडणारे पहिले तीन पत्ते) जुळलेली वरची जोडी, नाहीतर खालच्या दोन जोड्या.

यात आपली आणखी एक पंचाईत आहे. आपण सगळे दिवाळीच्या तीन पत्तीवर वाढलेले. तीन पत्तीत पत्ते वाटले की हात ठरला. गुलामांची जोडी शेवटपर्यंत गुलामांची जोडीच राहते. मग चांगला हात आला की चेहरा पाडून बसायचं, बारीक चाल करत राहायची, समोरच्याला आत ओढायचं, अशी सवय लागते. होल्डममध्ये, म्हणजे आपण खेळतो त्या पोकरमध्ये, दोन पत्ते हातात येतात आणि पाच टेबलावर उघडायचे असतात, ते सगळ्यांचे: आधी फ्लॉपचे तीन, मग चौथा टर्न, शेवटी पाचवा रिव्हर. आत्ता तुम्ही पुढे आहात, पुढच्या पत्त्यानंतर असालच असं नाही. गप्प बसलात तर समोरचा फुकटात पत्ता बघून राहिला, एवढंच होतं.

गुलामांच्या जोडीचंच बघा. फ्लॉपच्या तीन पत्त्यांत निदान एक तरी राणी, राजा किंवा एक्का येण्याची शक्यता 57 टक्के. दश्शांच्या जोडीला वरचा पत्ता पडण्याची जवळजवळ 70 टक्के. राण्यांची जोडी असेल तर 41. म्हणून गुलाम बघून खूश व्हा, पण फार वेळ नको.

[वरचा कॅमेरा. पत्ते मांडतो.]

आता एक हात नीट बघू. ब्लाइंड, म्हणजे दोन खेळाडूंनी पत्ते बघायच्या आधीच टाकायच्या चिप्स, स्मॉल 500 आणि बिग 1000. शिवाय बिग ब्लाइंडने सगळ्यांच्या वतीने टाकायची अँटी 1000. मी बटणावर (फ्लॉपनंतर शेवटी बोलायची जागा), माझ्याकडे 28,000 चिप्स. हातात इस्पिकचा गुलाम आणि किलवरचा गुलाम. रेज केलं, म्हणजे बोली 2,200 वर नेली. स्मॉल ब्लाइंडने पत्ते टाकले, बिग ब्लाइंडने तेवढ्याच चिप्स भरून कॉल केला, आणि त्याच्याकडे माझ्यापेक्षा जास्त चिप्स आहेत. पॉट, म्हणजे मधला ढीग, झाला 5,900. फ्लॉप आला बदाम दश्शी, बदाम अठ्ठी, किलवर चौकी. समोरचा चेक, म्हणजे काही न टाकता डाव माझ्याकडे.

टेबलावरच्या सगळ्यांपेक्षा माझी जोडी मोठी. बरोबर? आता मला न दिसणारे 47 पत्ते मोजा. बदाम 11. त्यातला बदामाचा गुलाम तसा माझाच, पण तोही आला तर कोणाचा तरी फ्लश (पाच पत्ते एकाच रंगाचे) होतो. बदाम सोडून राण्या, राजे, एक्के मिळून 9. बदाम सोडून नव्व्या 3 आणि सत्त्या 3, कारण त्यांनी सरळ रांगा जुळतात. एकूण 26. म्हणजे टर्नवर निम्म्याहून जास्त पत्ते मला नकोसे आहेत.

यातला प्रत्येक पत्ता मला हरवतो असं नाही. समोरच्याकडे बदाम असतील तर एक्क्याचं भय नाही, एक्का-राजा असेल तर सत्तीचं नाही. घोळ हा, की त्याच्याकडे काय आहे ते मला ठाऊक नाही आणि त्याला ठाऊक आहे. टर्नवर काळी राणी पडली की विचार मला करायला लागेल. तो निवांत.

म्हणून बेट, म्हणजे चिप्स लावणं, आत्ताच. किती ठेवायची?

पुष्कळ जण इथे 1,500 टाकतात. "पळून जाईल ना बे तो!" ही भीती. पण हिशोब करा. समोरच्याला 1,500 भरून शेवटी 8,900 च्या पॉटवर डाव मिळतो, म्हणजे जिंकण्याची 17 टक्के शक्यता त्याला पुरते. फ्लशचे नऊ पत्ते बाकी असलेल्या माणसाला पुढच्या एका पत्त्यावरच 19 टक्के मिळतात. तुम्ही त्याला सूट देऊन बसवलं. तेच 4,000 टाका. आता 13,900 मधले 4,000 त्याने भरायचे, म्हणजे सुमारे 29 टक्के लागणार. फ्लश लागल्यावर तुम्ही पुढे चिप्स वाटत सुटणार नसाल, तर नुसत्या फ्लशच्या आशेवर हा कॉल तोट्याचा. आणि दश्शीवाला, नव्व्यांची जोडीवाला, अठ्ठीवाला ही मंडळी कॉल करतातच, त्यांच्याकडून मिळकत वेगळी. "हात वाचवायला बेट" आणि "कमवायला बेट" असे दोन कप्पे लोक करतात, मला ते पटत नाही. या फ्लॉपवर ती एकच बेट आहे.

कॉल आला. पॉट 13,900, माझ्यामागे 21,800. टर्नला चौकट दुर्री आली तर पुन्हा बेट, 8,000 च्या आसपास, आणि त्यानंतर मागे फिरणं नाही. बदाम एक्का आला तर चेक. मी बटणावर आहे, शेवटचा बोलणारा मी, तेव्हा चेक करून रिव्हर फुकटात बघतो. त्यात भित्रेपणा काही नाही.

मागे किती चिप्स आहेत त्यावर हे सगळं बदलतं. 12 बिग ब्लाइंडइतक्याच चिप्स उरल्या असतील तर एवढा विचारच करू नका, गुलाम घेऊन फ्लॉपच्या आधीच ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स आत. 100 असतील तर उलटं, नुसत्या एका जोडीवर शंभरच्या शंभर आत गेले तर समोरच्याने बहुतेक वेळा काहीतरी जबर धरलेलं असतं.

खालच्या दोन जोड्यांचं उदाहरण तर इतिहासातलं आहे. 2003, लास वेगास, वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचा मुख्य सामना, 839 खेळाडू, शेवटचा हात. ख्रिस मनीमेकरकडे पंजी-चौकी, सॅमी फरहाकडे गुलाम-दश्शी. फ्लॉप गुलाम, पंजी, चौकी. मनीमेकरने आधी चेक केलं, फरहाने बेट टाकल्यावर रेज केलं, फरहा ऑल-इन गेला, कॉल. टर्नला अठ्ठी आली. निरुपद्रवी दिसते ना? पण आता फरहाला दोन गुलाम, तीन दश्श्या आणि शिवाय तीन अठ्ठ्या चालतात. अजून एक अठ्ठी आली की टेबलावरच जोडी होते आणि मनीमेकरची चौकीची जोडी वाया जाते. 44 पैकी 8 पत्ते. रिव्हरला पंजी आली, फुल हाऊस (तीन पंज्या, दोन चौक्या) झाला आणि 25 लाख डॉलर त्याचे. लोकांना ती पंजी आठवते. मला विचाराल तर खरं काम फ्लॉपवरच्या रेजने केलं, सगळ्या चिप्स आत गेल्या तेव्हा पुढे तोच होता.

आता बक्षिसांच्या जवळचा भाग. इथे मात्र मी सांगितलेल्यातलं बरंच उलटं होतं.

तीन जण उरलेत, तिघांकडे सारख्याच चिप्स. बक्षिसं 50, 30 आणि 20 गुण. प्रत्येकाचा वाटा 33.3. तुम्ही एकाशी ऑल-इन झालात आणि जिंकलात. चिप्स दुप्पट, पण वाटा? पहिला येण्याची शक्यता दोन तृतीयांश, दुसरा येण्याची एक तृतीयांश, हिशोब 43.3. दहा गुण वाढले. हरलात तर हातात 20, म्हणजे 13.3 गेले. बरोबरीत सुटायलाच 57 टक्के लागतात. गुलामांची जोडी एकाच रंगाच्या एक्का-राजासमोर साधारण 54 टक्के आहे. बघा, पुढे असूनही हा कॉल तोट्याचा. चिप्सची बक्षिसातली किंमत मोजायच्या या हिशोबाला आयसीएम म्हणतात, आणि यात तीन पत्तीची सवय काही कामाची नाही.

तेव्हा बबलवर, म्हणजे बक्षिसांच्या तोंडाशी, फरक लक्षात ठेवा. तुम्ही आधी ऑल-इन टाकलं तर समोरचा पत्ते टाकूनही देऊ शकतो. कॉल करताना ती सोय नसते. त्याच गुलामांनी मी ऑल-इन टाकीन, पण तेवढ्याच चिप्सवाल्याच्या ऑल-इनला कॉल करताना दहादा विचार करीन.

घरी एक करा. दोन काळे गुलाम काढा, बदाम दश्शी, बदाम अठ्ठी आणि किलवर चौकी मांडा, उरलेला कॅट पिसा आणि एकेक टर्न उलटा. प्रत्येक पत्त्याला मोठ्याने म्हणा, बेट की चेक. घरचे बघतील विचित्र नजरेने, बघू दे. जिथे अडाल तो पत्ता खाली कॉमेंटमध्ये लिहा, पुढच्या रविवारी त्याच पत्त्यापासून हात पुढे खेळू.