उणे चाळीस

(नागपुरात आयटीआयच्या मोटर मेकॅनिक ट्रेडच्या विद्यार्थ्यांसमोर झालेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

बसा, बसा. तो पंखा जरा इकडे वळवा ना भाऊ. मे महिन्यात, भर दुपारी व्याख्यान ठेवणाऱ्याला हात जोडले पाहिजेत. पण विषय हवेच्या तापमानाचाच आहे, तर घाम कामी येईल.

हा इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान मोजणारा सेन्सर, एकेक करून हातात घ्या आणि पुढे सरकवा. टोकाशी बारका मणी दिसतो ना, तो थर्मिस्टर. तापला की त्याचा विजेला होणारा रोध उतरतो, गार झाला की चढतो. पुष्कळ गाड्यांत २५ अंशांना तो दोन-अडीच किलोओहमच्या आसपास असतो. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, त्याच्याकडे ५ व्होल्ट पाठवतो आणि तारेवर किती उरले त्यावरून हवा किती गरम ते ठरवतो.

कशाला ही उठाठेव? आपल्याकडे डिसेंबरात पहाटे १० अंश, आता ४५. दाब तोच धरला तरी तेवढ्याच जागेतली हवा साधारण ११ टक्के हलकी झाली. म्हणजे पेट्रोलही तेवढं कमी लागणार. मॅप सेन्सरवर, म्हणजे आत येणाऱ्या हवेचा दाब मोजून चालणाऱ्या गाड्यांत हा हिशेब या मण्याच्या शब्दावर चालतो. मण्याने खोटंच ‘थंडी आहे’ सांगितलं की पेट्रोल जास्त, प्लग काळे, ॲव्हरेज गेला. ‘फार गरम आहे’ सांगितलं की ईसीयू नॉकिंगच्या, म्हणजे पेट्रोल आपोआप भडकून ठोके पडण्याच्या भीतीने ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि पिकअप मरतो. एअरफ्लो सेन्सरवाल्या गाडीत हवेचं वजन थेट मोजतात, तिथे एवढा त्रास जाणवत नाही.

आता बुटीबोरीच्या एका शिक्षिकाबाईंची गाडी. चेक इंजिनचा दिवा, कोड पी०११३, म्हणजे याच सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्ट जास्त. एका गॅरेजने दोन वेळा सेन्सर बदलला, दोन्ही वेळा दिवा परत आला. मी म्हटलं, मॅडम, गाडी रात्रभर इथेच ठेवा. जानेवारी होता. सकाळी इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवली आणि ईसीयूतले आकडे वाचणारा स्कॅनर लावला. रात्रभर उभ्या गाडीत कूलंट, आत येणारी हवा आणि बाहेरची हवा, तिघांचे आकडे दोन-चार अंशांच्या फरकाने जुळले पाहिजेत. या तपासणीला पैसा लागत नाही, फक्त रात्र लागते, म्हणून कोणी करत नाही. कूलंट १४. हवा उणे ४०.

उणे ४०, नागपुरात! सेल्सिअस म्हणा की फॅरनहाइट, त्या आकड्याला दोन्ही मोजपट्ट्या एकत्र येतात. स्कॅनरवर तो दिसला की समजा, सर्किट कुठेतरी तुटलंय. काही ईसीयू मात्र बिघाड झाल्यावर पदरचा एखादा शहाणा आकडा दाखवतात, तिथे मल्टीमीटरने व्होल्ट बघा.

मी कनेक्टर काढला आणि दोन पिना तारेने जोडल्या. वायरिंग धड असतं तर आकडा एकदम १३० च्या पुढे उडाला असता आणि दोष सेन्सरचा ठरला असता. आकडा हलला नाही, म्हणजे दोष तारेत. (हे दोन पिनांच्या सेन्सरचं. चार-पाच पिनांचा असेल तर आकृती बघितल्याशिवाय तार लावायची नाही, ईसीयू जळेल.) मग तार तशीच ठेवून हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, बोटांनी चाचपत गेलो. बॅटरीच्या ट्रेमागे दाबलं आणि आकडा १३६. सोडलं, उणे ४०. उंदीर! गाडी तुरीच्या पोत्यांशेजारी उभी राहायची. इन्सुलेशन कुरतडलेलं, तांबं तुटलेलं, टोकं नुसती एकमेकांना टेकत होती.

आता उलटी चूक सांगतो, ती उन्हाळ्यातली. सिग्नलला अर्धा तास अडकलेली गाडी आणतात आणि म्हणतात, हवा ६५ दाखवते, सेन्सर गेला. अरे, बोनेटखालची भट्टी आहे ती! वर्धा रोडला मोकळ्यावर पाच मिनिटं पळवा. आकडा बाहेरच्या हवेच्या जवळ उतरत आला तर सेन्सर ठणठणीत. तिथेच चिकटून बसला तर मात्र काढा, मल्टीमीटर लावा आणि मणी तळहातात धरा. रोध एकाच दिशेने सलग सरकत गेला पाहिजे. मध्येच उडी मारली, तर फेकून द्या.

मॅडमची तार जोडून, डाग देऊन स्लीव्ह चढवली. मग त्यांच्या डिकीत पडलेला अगदी पहिला, कंपनीचा सेन्सर परत बसवला. स्कॅनर म्हणाला १५. पैसे खाऊन बदललेले दोन नवे सेन्सर त्या माझ्याकडेच टाकून गेल्या. मघापासून तुमच्या हातात फिरतोय, तो त्यातलाच एक.